काकू, दुसरा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही “जेवलीस का?” म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळलंय.

कॅलिफोर्नियात सरोगसीनं आमची लेक जन्मली, तेव्हा लंडनहून आलेल्या आम्हा दोघांना तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. तुम्ही फ्रीमाँटच्या घरातली खोली आम्हाला दिलीत, तीही २४ दिवस.

हळिवाचे लाडू तुम्ही दोन डब्यांत भरलेत. एक जिनं तिला पोटात वाढवलं तिच्यासाठी. “बाळंतीण ती आहे.” दुसरा माझ्यासाठी. “जागरणं तुझी आहेत.” दुकानात कुणी कौतुकानं म्हणायचं, इतक्या लवकर हिंडायला लागलीस! मला काय बोलावं सुचायचं नाही. तुम्ही मला कधी काही समजावलं नाहीत. छोटी तुमच्याकडे रडायला लागली की “जा गं, आईकडे जा” म्हणत तिला माझ्या हातात द्यायचात, एवढंच. त्या दिवसांत मला आई म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

पासपोर्टचा फोटो आठवतो? अमेरिकेत जन्मली म्हणून पासपोर्ट तिथला, अर्जाला आम्ही दोघंही हजर हवे, आणि फोटोत मागे पांढरं हवं, कुणाचा हात दिसता कामा नये. काकांचं धुतलेलं धोतर अंथरून तुम्ही तिला निजवलंत आणि काका खुर्चीवर चढून फोटो काढत बसले.

सॅन फ्रान्सिस्को ते हीथ्रो म्हणजे दहा-साडेदहा तास. तुमची नर्सची नोकरी सुटली, सवय सुटलेली नाही. आधी तिला डॉक्टरांना दाखवायला लावलंत. मग दुधाचा हिशेब: विमान रखडलं तर म्हणून दुप्पट. बाळाच्या दुधाला १०० मिलिलिटरची अट नसते, तपासणीत ते वेगळं काढून ठेवायचं, हे तुम्हीच सांगितलंत. चढताना-उतरताना पाजायचं, गिळताना कान मोकळे होतात. तसंच केलं. उतरताना आसपासची दोन मुलं कळवळून रडत होती, ही बाटली तोंडात धरून शांत होती. पाळणा मिळाला, पण हिसके बसायला लागले की तिला उचलून मांडीवर पट्ट्यात घ्यावं लागे, त्यामुळे झोप मात्र कुणालाच नाही.

कोर्टाचा आदेश, जन्मदाखला, वकिलांचं पत्र, सगळं तुम्ही एका फाइलमध्ये क्रमानं लावलं होतंत. हीथ्रोच्या अधिकाऱ्यानं एकेक कागद मागितला आणि मी न शोधता काढून दिला.

घरी पोचलो तरी ब्रिटनच्या कायद्यात जन्म देणारीच आई. आम्हाला कायद्यानं आई-बाबा ठरवणाऱ्या इथल्या कोर्टाच्या आदेशाचा, म्हणजे पॅरेंटल ऑर्डरचा अर्ज जन्मानंतर ६ महिन्यांच्या आत करायचा, आणि तिची संमती ६ आठवड्यांनंतर दिलेलीच धरतात. तिनं सही केली त्या दिवशी फोन केला आणि विचारलं, ते लाडू कसे करतात?

गेल्या आठवड्यात ऑर्डर हातात आली. त्या रात्री तुमच्यासारखेच नारळाच्या पाण्यात हळीव भिजत घातले. गूळ जरा कमी पडला.

तुमची,
छोटीची आई