नातीचा कान फिरवून दाखवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

मी काटोलची निवृत्त मास्तरीण. मागच्या महिन्यात नागपूरला धंतोलीत तुमच्याकडे उजवा कान नीट न घडलेली पाच वर्षांची नात घेऊन आले होते. रोज इतके स्कॅन बघता, आठवणार नाही कदाचित. पण रिपोर्टचा लिफाफा हातात देऊन वाटेला न लावता तुम्ही आम्हाला संगणकासमोर बसवलंत, त्यासाठी हे पत्र.

स्कॅनमधल्या मिलिमीटरहूनही पातळ चकत्या संगणकानं पुन्हा जोडल्या होत्या. तुम्ही माऊस हलवलात तसं पोरीचं डोकं पडद्यावर संत्र्यासारखं फिरलं. कानाची वाट हवी तिथे सलग हाड. आत हातोडी आणि ऐरण ही कानातली इवली हाडं एकमेकींना चिकटलेली. तिसरं हाड, रिकीब, मात्र जागेवर, आणि त्यामागे ऐकण्याच्या शंखाची अडीच वेटोळी शाबूत. बत्तीस वर्षं हा कान मी फळ्यावर काढला. खरा पाहिला तो घरच्याच लेकराचा.

मग पिवळ्या रंगातली नस दाखवलीत, चेहरा हलवणारी. हिची नेहमीपेक्षा पुढून गेलेली, ऐन वाटेत. आधी एका ठिकाणी ‘छिद्र पाडलं की झालं’ म्हणून ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली होती आम्हाला! नसेला धक्का लागला असता तर अर्धं तोंड लुळं पडलं असतं. तारीख आम्ही रद्द केली. आता नात डोक्याला पट्ट्याचं यंत्र लावते. कंपनं हाडातून थेट वेटोळ्यांपर्यंत पोचतात. बाहेरचा कान पुढे बरगडीच्या कूर्चेतून, डाव्याच्या मापानं करता येईल म्हणतात. बघू.

उठता उठता मी विचारलंच. २१ जून २०२० च्या ग्रहणात सुनेनं भाजी चिरली होती, त्यानं झालं का हे? तुम्ही हसला नाहीत. ‘तेव्हा कितवा महिना होता, आजी?’ सातवा. ‘बाहेरचा कान सहाव्या आठवड्याच्या सुमारालाच घडू लागतो.’

एवढं गणित मला येतं, मॅडम. पाच वर्षं मी ते मांडलंच नव्हतं, नुसते टोमणे मारले. सून शेजारीच बसली होती.

बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली. माफीचा शब्द मात्र वाटेतलं फेटरी गाव मागे पडल्यावर तोंडातून निघाला. ‘जाऊ द्या आई,’ म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

आंबिया बहार उतरला की संत्री घेऊन येते. सूनही येईल.

आपली,
नातीची आजी, काटोल