इंदूरच्या रामबागेतल्या आजीकडून आभार

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहिते.

लसीकरणाच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई, तुम्ही माझ्या तान्ह्या नातीच्या डोक्यावरची टाळू पाहून म्हणालात, "रडत नाहीये तरी फुगलेली कशी? आणि डोळे खाली वळलेत." आम्ही तर डोकं मोठं म्हणून पोर हुशार निघणार, असं कौतुक करत होतो! आधी जिथे दाखवलं होतं, तिथेही "घराण्याचं वळण" म्हणून परत पाठवलं होतं.

नंतर कळलं, तिच्या मेंदूत पाणी साठत होतं, हायड्रोसेफॅलस म्हणतात त्याला. मेंदूतल्या पोकळ्यांना जोडणारी बारीक वाट जन्मतःच अरुंद होती. पाणी तयार होतच राहतं, पण पुढे सरकायला जागा नाही. पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांच्या अगदी कडेनं जातात, म्हणून ताण पडला की पाय ताठरतात. आमच्या चिमणीचे ताठरलेच होते.

ज्या सिस्टरनं शिंप्याची टेप घेऊन डोक्याचा घेर मोजायला शिकवलं, तिचेही आभार. जन्मतः साधारण ३५ सेंमी, पहिले तीन महिने महिन्याला २ सेंमीच्या आसपास वाढ, हे आता माझं तोंडपाठ आहे. साठलेलं पाणी वाहून जावं म्हणून नातीला मेंदूतून पोटात उतरणारी नळी बसवली. उलट्या, ताप किंवा गुंगी दिसली तर लगेच धावा, असं तिनं तीनदा बजावलं.

आणि रात्री राजवाड्याजवळून नेणारे रिक्षावाले दादा, तुम्ही पैसे घेतलेच नाहीत. पोहे खायला तरी या हो, वरून जिरावण, आपला इंदुरी मसाला, घालून.