ओंजळीत न पडलेला कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. आमच्या समाजातल्या एका दुखण्याबद्दल लिहिते आहे.

माझी मावसबहीण लग्न होऊन इस्रायलला गेली. गेली नऊ वर्षं ती नवऱ्यापासून वेगळी राहते, पण सुटलेली नाही. तिथे ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट १९५३च्या कायद्याने रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयाकडे आहेत. नवऱ्याने घटस्फोट द्यावा असा निकाल न्यायालयाने दिला, तरी त्या निकालाने लग्न मोडत नाही. नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या हातात ‘गेट’ द्यावा लागतो.

गेट म्हणजे बारा ओळींचा कागद. छापील फॉर्म चालत नाही. लेखनिक त्याच जोडप्यासाठी तो हाताने लिहितो, अरमाईक भाषेत, आणि गावाचं नाव, दोघांची टोपणनावंसुद्धा घालतो. मग दोन साक्षीदारांसमोर बाई ओंजळ पुढे करते, नवरा घडी केलेला कागद वरून सोडतो, ती तो काखेत धरून चार पावलं चालते. सुटली. एका सकाळीत उरकणारं काम. माझ्या बहिणीची ओंजळ नऊ वर्षं रिकामी आहे. फ्लॅटमधला हिस्सा सोडलास तर बघू, असा त्याचा निरोप येतो.

अशा बाईला ‘अगुना’ म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेली. गेट नसताना तिला दुसऱ्या ज्यू पुरुषापासून मूल झालं तर ते ‘मामझेर’ ठरतं आणि पिढ्यान्‌पिढ्या समाजात त्याचं लग्न अडतं. नवरेही अडकतात, हे मान्य. हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम यांनी बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही असं ठरवलं. पण पुरुषाला शंभर रब्बींच्या सह्या घेऊन दुसरं लग्न करण्याची वाट आहे आणि त्याच्या मुलांना डाग लागत नाही. बाईला अशी वाटच नाही.

शिक्षा आहेत. इस्रायलमध्ये १९९५च्या कायद्याने अशा नवऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, बँक खातं अडवता येतं, तुरुंगातही टाकता येतं. इंग्लंडमध्ये २०२२ साली एकाला दीड वर्षाची कैद झाली. पण इस्रायलमध्येच याह्या अव्राहम नावाचा माणूस गेट न देता ३२ वर्षं तुरुंगात राहिला आणि १९९४ साली तिथेच मेला. म्हणून मला वाटतं, उपाय लग्नाआधीच व्हायला हवा. अमेरिकेतल्या सनातनी रब्बींनी मान्य केलेला करार आहे: वेगळं झाल्यावर गेट दिला जाईपर्यंत नवऱ्याने रोज ठरलेली रक्कम बायकोला द्यायची. आमच्या लग्नांत तो का नको?

मोठी माणसं म्हणतात, मांडवात घटस्फोटाची भाषा अशुभ. अहो, आपण ज्या केतुब्यावर, म्हणजे लग्नाच्या करारपत्रावर, सह्या करतो, त्यातच घटस्फोट झाला तर बायकोला काय द्यायचं ते लिहिलेलं असतं! तेव्हा अशुभ होत नाही.

या कागदाची किंमत आम्हा कोकणातल्या ज्यूंना कुणी सांगायला नको. १९६२ साली इस्रायलच्या रब्बींनी आमच्या लोकांच्या लग्नाआधी चौकशी लावली: आजी-पणजीचा घटस्फोट गेट घेऊन झाला होता का? पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळून तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या आम्हा शनवार तेल्यांच्या लेकरांवर मामझेरपणाचा संशय. आमची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. आपल्या देशात ज्यूंच्या लग्न-घटस्फोटाचा वेगळा कायदा नाही. इथल्या कोर्टाचा हुकूम घेऊन एखादी मुलगी तिकडे दुसऱ्या लग्नाला उभी राहिली, की पुन्हा तोच प्रश्न: गेट कुठे आहे?

दिवाळीनंतर माझ्या भाचीचं लग्न आहे. मुलाकडच्यांना कराराचा मसुदा मी स्वतः नेऊन दिला आहे. सही झाल्याशिवाय आमच्या घरात मेंदी भिजणार नाही, हेही सांगून आले आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे