कीर्द जपणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डातील ज्या हळदीच्या आडत पेढीत आपण मार्च महिन्यात बिघडलेला डेटाबेस सावरण्यासाठी दोन रात्री बसलात, तेथूनच हे पत्र लिहीत आहे. आपले बिल मालकांनी त्याच दिवशी चुकते केले आणि व्यवहार म्हणून ते प्रकरण संपले. माझे देणे मात्र राहिले आहे, आणि ते सर्वांसमक्ष फेडावे असे वाटते, कारण माझ्यावर ठपकाही सर्वांसमक्षच ठेवला गेला होता.

त्या सोमवारी सकाळी सर्व्हर गप्प पडलेला दिसला म्हणून मी तो बंद करून पुन्हा चालू केला, एवढेच मी केले. ऐन हंगाम होता आणि शेतकरी विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीसाठी ओट्यावर खोळंबले होते. आमची यंत्रणा सांभाळण्याचे वर्षाचे पैसे घेणारे गृहस्थ दुपारी आले, डिस्क भरली आहे असे पाहून त्यांनी ‘हे नुसते लॉग आहेत’ म्हणत एका फोल्डरमधील फायली पुसून टाकल्या, आणि त्यानंतर पोस्टग्रेस, म्हणजे आमचा हिशेब ज्यात राहतो तो डेटाबेस, मुळीच उभे राहीना तेव्हा मालकांकडे वळून म्हणाले, “दिवाणजींनी मध्येच बटण दाबले, त्याने डेटा गेला.” एकतीस वर्षे मी या पेढीची कीर्द लिहितो आहे. त्या संध्याकाळी घरी जाताना ओळखीच्या हमालांकडेही मला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आपण मिरजेहून आलात. काहीही करून पाहण्याआधी आपण डिस्क जशी होती तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली आणि मूळ डिस्क मालकांच्या तिजोरीत ठेवायला लावली. पीजी रीसेटवॉल, म्हणजे पुसलेल्या फायलींवाचून डेटाबेस जबरीने सुरू करण्याचा जो उपाय ते गृहस्थ मूळ डेटावरच करून मोकळे होणार होते, तोच आपण नकलेवर केलात. शिवाय त्याने डेटाबेस सुरू झाला तरी अर्धवट राहिलेले व्यवहार आत असू शकतात, म्हणून सगळा डेटा बाहेर काढून नव्या डेटाबेसात भरलात आणि मगच मला पट्टीबुकांच्या स्थळप्रती आणायला सांगितल्या. मी वाचायचे, आपण पडद्यावर पाहायचे, असे दोन रात्री चालले. चौदा पट्ट्यांत फरक निघाला आणि चौदाही पट्ट्या कागदावरून दुरुस्त झाल्या.

मधल्या चहाच्या वेळी आपण मला समजेल अशा शब्दांत सांगितलेत की पोस्टग्रेस कोणताही बदल आधी आपल्या कीर्दीत टिपते आणि मग सवडीने खतावणीला लावते, आणि पुसल्या गेलेल्या फायली म्हणजे ती कीर्द होती. त्या फोल्डरच्या जुन्या नावात ‘लॉग’ हा शब्द असल्यामुळे लोक तो बिनकामाचा समजून रिकामा करीत, म्हणून २०१७ साली दहाव्या आवृत्तीत ते नाव बदलून पीजी वॉल केले गेले, हेही आपणच सांगितले. नाव बदलले तरी आमच्याकडे व्हायचे ते झालेच.

रोज रात्री बॅकअप होतो असे आम्हाला दोन वर्षे सांगितले जात होते. तो त्याच डिस्कवर होत होता, डिस्क भरत आली तशा शेवटच्या फायली अर्धवट राहिल्या होत्या, आणि त्यातली एकही फाईल कोणी कधी उघडून पाहिली नव्हती. २००५ च्या पुरात हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे कशी बुडाली ते पाहिलेल्या गावात, साठा आणि राखीव साठा एकाच जागी ठेवू नये हे आम्हाला तरी उमगायला हवे होते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट याहून लहान आहे. गुरुवारी पहाटे सगळे जुळल्यावर आपण माझ्याकडे पेढीची नोंदवही मागितली आणि तीत स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिले, की बंद पडलेल्या जोडसर्व्हरसाठी (मुख्य सर्व्हरची चालती नक्कल ठेवणाऱ्या यंत्रासाठी) राखलेला स्लॉट, म्हणजे त्याने न उचललेल्या नोंदी धरून ठेवणारी व्यवस्था, काढला नसल्याने जुन्या नोंदी पाच महिने साठत गेल्या, त्यांनी डिस्क भरली, आणि “सर्व्हर पुन्हा चालू करणे हे बिघाडाचे कारण नाही.” खाली तारीख घालून सही केलीत. हे कोणी मागितले नव्हते आणि बिलातही ते कुठे दिसत नाही. तोंडी सांगितले असते तरी मालकांनी मानले असते. पण आयुष्य कागदावर काढलेल्या माणसाला निर्दोषपणाही कागदावरच हवा असतो, हे आपण, वयाने माझ्या मुलीएवढ्या, न सांगता ओळखलेत. आपल्या हातून चूक नसताना दुसऱ्याची अब्रू सावरण्यासाठी चार ओळी लिहिण्याइतका वेळ काढणारी माणसे मला नोकरीत फार थोडी भेटली. सकाळी मालकांनी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले.

आता जोडसर्व्हर चालू आहे आणि स्लॉटला मर्यादाही घातली आहे. बॅकअपची एक प्रत रोज विट्याच्या आमच्या शाखेत जाते, जेथे कृष्णेचे पाणी पोहोचत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती प्रत वेगळ्या संगणकावर भरून मी दहा पट्ट्या स्थळप्रतीशी ताडतो आणि त्याच नोंदवहीत, आपल्या सहीच्या खाली, नोंद करतो. कालच्या शनिवारी पान भरले, तेव्हा नवे पान घेतले आणि आपले वाक्य त्याच्या माथ्यावर उतरवून ठेवले.

आपला ऋणी,
पेढीचा दिवाणजी
मार्केट यार्ड, सांगली