कालनिर्णयाच्या त्या चौकोनासाठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आजोबा नावाच्या डोंगरावरून परतून आज चौथा दिवस आहे. तळहातांवरचे ओरखडे अजून बुजलेले नाहीत, आणि तुमच्याविषयी कुणाला सांगायला गेले की घसा दाटून येतो. समोर बसून हे सगळे मला बोलता आले नसते, म्हणून लिहीत आहे. आणि चार लोकांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

डोळखांबच्या बाजूला माझे आजोळ. शहापूर तालुक्यातला हा सुमारे १३७५ मीटर उंचीचा डोंगर मी लहानपणापासून खालून पाहत आले. वाल्मीकी आश्रमापर्यंत आणि पुढे शिडी चढून सीतेच्या पाळण्यापर्यंत कितीदा तरी गेले. माथा मात्र राहिला होता. पंधरा वर्षे चाळीस-चाळीस जणांच्या रांगेत, पुढच्याच्या टाचांकडे पाहत डोंगर चढल्यावर या एका माथ्यावर एकटीने, माझ्या चालीने, हातांनी कातळ धरत जावे, असे मनाने घेतले.

तुमच्याआधी मी ज्यांच्याकडे गेले त्यांची नावे इथे लिहिणार नाही, पण त्यांचे वागणे लिहिल्यावाचून राहवत नाही. एका ठिकाणी मार्गदर्शनाचे पैसे घेतले गेले आणि तासाभरात नकाशा एकदाही उघडला गेला नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘घरी कुणी विचारत नाही का?’ असे मलाच विचारण्यात आले. तिसऱ्याने मोबाईलवर कुणाच्या तरी वाटेची फाईल पाठवली आणि ‘हिच्या मागे मागे जा, झाले’ एवढेच सांगितले. चढताना जमलेला कातळटप्पा उतरताना जमेलच असे नाही, हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. मी खचले होते, आणि खरे सांगायचे तर हट्टाला पेटून कुणालाही न सांगता निघून जाण्याच्या बेतात होते.

त्याच आठवड्यात ठाण्यातल्या तलावपाळीवर सकाळच्या फेरीत तुमच्यापाशी विषय निघाला. इतरांनी ‘का?’ असे विचारले होते. तुम्ही ‘कुठल्या वाटेनं?’ असे विचारलेत. ‘गुयरीच्या दारानं,’ मी कोकणाकडच्या घळीतून वर जाणाऱ्या वाटेचे नाव घेतले. ‘आणि उतरणार कुठून?’ एवढे विचारून तुम्ही मला संध्याकाळी नौपाड्यातल्या घरी बोलावलेत.

त्या संध्याकाळचा तपशील मी सांगत बसत नाही, पण तो शिवणाचा दोरा विसरणार नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर वाटेच्या प्रत्येक वळणावर तुम्ही तो बोटाने दाबत नेलात, मग उचलून फूटपट्टीवर ताणलात. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. नंतर पेन्सिलीच्या टोकाने वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा मोजल्यात आणि त्या जिथे एकमेकींना चिकटल्या होत्या तिथे थांबून म्हणालात, ‘इथे नकाशा गप्प होतो. इथे तुझे डोळे.’ कोकणाकडचा कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने घळ दुपारपर्यंत सावलीत राहील, तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही, आग्या मोहोळांमुळे अत्तर लावायचे नाही, आणि साडेअकराला जिथे असेन तिथून परत फिरायचे. तुम्ही मला घाबरवले नाहीत आणि उगाच धीरही दिला नाहीत.

मी निघाले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी गेलात. भिंतीवरच्या कालनिर्णयात, ‘दूध बंद’ आणि ‘सिलिंडर’ यांच्या खालच्या ओळीत, त्या रविवारच्या चौकोनात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलेत: ‘आजोबा. ४ वा. फोन.’ डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चारला फोन आला नाही, तर गावातल्या माणसांना हाताशी उजेडाचे दोन तास राहतात, हा त्यामागचा हिशेब तुम्ही नंतर सांगितलात. माझा डोंगर तुम्ही दूध आणि सिलिंडरच्या जोडीला, स्वतःच्या घरच्या कामांत लिहून ठेवलात. इतके दिवस जो बेत मी एकटी उराशी धरून होते, तो त्या क्षणी दोघांचा झाला. जिन्यात उतरताना मी रडले, हे आज सांगते.

साडेअकराला मी घळीतला शेवटचा कातळटप्पा चढून वर आले होते. पठार अगदी दिसत होते. एरवी मी नक्की पुढे गेले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण त्या वेळी डोळ्यांसमोर माथा आला नाही, तो चौकोन आला. मी फिरले.

काळजीच्या नावाखाली अडवणारे मला पुष्कळ भेटले, कौतुकाच्या नावाखाली पुढे ढकलणारेही भेटले. समोरच्याला जाणते समजून त्याच्या बेतात मनापासून लक्ष घालणारी माणसे थोडी असतात. पायथ्याच्या डेहणे गावातल्या ज्या मावशींकडे आदल्या रात्री राहिले, त्यांनीही एकटी का म्हणून विचारले नाही. पहाटे फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या आणि दिवेलागणीपर्यंत दिसले नाही तर पोरांना वर धाडू, असे सांगितले. त्यांची आणि तुमची ओळख नाही, तरी मला तुम्ही दोघे एकाच घरचे वाटता.

डेहण्यात पोचून फोन लावला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती. पहिल्या घंटेलाच तुम्ही उचललात. माथा झाला का, हे तुम्ही विचारले नाहीत. ‘कुठून फिरलीस? दगड सुटा होता, की गवत सरकत होतं?’ असे विचारलेत, आणि मी काही बोलायच्या आत रेंज गेली. घरी पोचल्याचा निरोप रात्री दिला, पण उत्तर राहूनच गेले.

गवत, काका. टप्प्याच्या वर डावीकडे पुरुषभर रुंदीची उतरंड आहे, तिच्यावरचे वाळके गवत मुळासकट हातात येत होते आणि खाली नुसता मुरूम होता. उजवीकडे कारवीला धरून एक तिरकी वाट वर जाताना दिसली. नकाशा आणि दोरा काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी येते.

आपली,
तलावपाळीच्या सकाळच्या फेरीतली,
ठाणे