एका बाजूनं आठ किलोमीटर

बॅरी, ऑन्टॅरिओ
१४ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चांगले टायर काढून दुसरे कशाला घातलेस? पैसे उतू चाललेत का?" फोन स्पीकरवर होता, आई शेजारी बसलेली, म्हणून मी "इथली पद्धत आहे" एवढं म्हणून विषय संपवला. पूर्ण उत्तर लांबलचक आहे आणि त्यातला एक भाग स्पीकरवर सांगण्यासारखा नव्हता. म्हणून हे पत्र.

आधी टायरचं. जुने टायर गुळगुळीत झाले नव्हते, नक्षी अजून बरीच शिल्लक आहे. त्यांना ऑल-सीझन म्हणतात, म्हणजे बारमाही. पण इथली मुरलेली मंडळी त्यांना 'थ्री-सीझन' म्हणूनच चिडवतात. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ते रबर ताठरायला लागतं. मागच्या वर्षी एका पहाटे उणे बारा असताना मी पार्किंगमध्ये टायरला अंगठ्याचं नख लावून बघितलं होतं. नख वाकलं, रबर ढिम्म. आता या नव्या विंटर टायरला, म्हणजे खास हिवाळ्याच्या टायरला, त्याच थंडीत नख लावलं तर थोडं आत जातं. फरक एवढाच आहे, आणि तोच सगळा फरक आहे. रस्त्यावर बर्फ नसला, नुसती कोरडी थंडी असली, तरी ब्रेक मारल्यावर तो कळतो.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. या टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. टायर रस्त्यावर टेकला की त्या किंचित उघडतात आणि बर्फाला पकडतात. चिखलानं नक्षी बुजली की टायर मेला, असं तुम्ही म्हणायचात. इथे उलटं आहे. नक्षीत बर्फ दाबून बसला पाहिजे, कारण बर्फाला सगळ्यात चांगलं धरतो तो बर्फच. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असं चिन्ह असतं. ते असलं म्हणजे टायर बर्फावरच्या चाचणीत पास झालेला आहे. नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे 'मड अँड स्नो' (चिखल आणि बर्फ), लिहिलेलं असलं, तर ती फक्त नक्षीची जात झाली.

"मग तेच बारा महिने ठेव" असं तुम्ही म्हणणार. नाही ठेवता येत. उन्हाळ्यात हे मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं आणि गरम डांबरावर गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. म्हणून वर्षातून दोनदा अदलाबदल. मी लोखंडी रिमसकट घेतले, म्हणजे दरवेळी रबर उतरवायचा खटाटोप नको, चाकच्या चाक बदलायचं. बसवणावळ धरून १,१४० डॉलर झाले. रुपयांत करू नका, मी करून बघितलंय.

शेजारच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. आमच्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही. सरकारनं इथे दुसरी वाट काढली. २०१६ पासून इथल्या प्रत्येक वाहन विमा कंपनीला विंटर टायर लावणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावीच लागते. किती, ते ज्या त्या कंपनीवर. दोन ते पाच टक्के असं साधारण चालतं. आमच्या कंपनीचे तीन टक्के. चारही टायर हवेत, हिवाळाभर गाडीवर हवेत आणि पावती जपून ठेवायची. एवढ्याच अटी.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टायर बसवले आणि जेवणाच्या सुट्टीत सवलत मागायला कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, बोलायला गोड. टायर कधी बसवले, चारही बसवले का, विचारलं. पावतीही मागितली नाही. माझ्या शब्दावर वर्षाचे ६९ डॉलर कमी केले. आणि मग म्हणाल्या, "फोनवर आहातच तर बाकीची माहिती एकदा पडताळून घेते." पत्ता तोच? तोच. चालवणारे दोघंच? दोघंच. "कामावर जायला एका बाजूनं आठ किलोमीटर, बरोबर?"

बाबा, मी मे महिन्यात नोकरी बदलली हे तुम्हाला माहीत आहे. आधीची जागा गावातच होती, खरोखर आठ किलोमीटर. आताचं काम अ‍ॅलिस्टनच्या बाजूला. ४०० नंबरच्या हायवेनं खाली जायचं, कुक्सटाउनला ८९ नंबरच्या हायवेवर वळायचं आणि पुढे सरळ. एका बाजूनं बेचाळीस. इथे विम्याचा हप्ता ठरवताना गाडी रोज किती लांब कामावर नेता हे विचारतात, फॉर्मवर तसा रकानाच असतो. आणि मध्ये काही बदललं तर आपण होऊन लगेच कळवायचं, असं पॉलिसीतच लिहिलेलं आहे. मे महिन्यात नव्या नोकरीच्या गडबडीत माझ्या डोक्यातून ते गेलं होतं. ते खरंच गेलं होतं. पण नोव्हेंबरमध्ये त्या बाईंनी विचारलं तेव्हा काही डोक्यातून गेलेलं नव्हतं.

मी "हो" म्हणालो.

मधे फार तर दोन सेकंद गेले असतील. त्या दोन सेकंदांत मी हिशेबसुद्धा केला नाही. सवलत मिळाल्याच्या आनंदात होतो आणि तो आनंद बिघडवायचा नव्हता, एवढंच. आमच्या ओळखीतला एकजण तर बिनदिक्कत सांगतो, "अरे, कोण मोजायला येतंय? घरातून काम करतो म्हणून सांग." त्याच्यावर मी मनातल्या मनात नाकं मुरडायचो. आता कोणत्या तोंडानं मुरडणार!

आता स्पीकरवर न सांगितलेला भाग. घाबरू नका, हे पत्र मी दोन्ही हातांनी, धडधाकट लिहितो आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी सव्वासहाला ८९ वर होतो. अंधार, वरून पिठासारखी भुरभुर. जॉर्जियन बे नावाचं समुद्राएवढं पाणी आमच्या वायव्येला आहे. त्यावरून थंड वारा येतो तेव्हा वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ ओततो. एका गावात ऊन आणि दहा किलोमीटरवर काही दिसत नाही, अशी तऱ्हा. मी साठच्या वेगानं चाललो होतो, रस्ता काळा, ओला दिसत होता. तो ओला नव्हता. पाण्याचा पातळ, काचेसारखा थर गोठला की खालचं डांबर आरपार दिसतं आणि माणूस फसतो. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. तुम्ही आंबा घाटातल्या पहिल्या पावसाचं सांगायचात ना, "चाक हातात असतं, पण गाडी नसते", अगदी तसं. ब्रेकवर उभा राहिलो नाही, पाय सोडला, जिकडे जायचं तिकडे चाक धरलं. तुमचीच शिकवण. तरी गाडी निवांत, कुठलीही घाई नसल्यासारखी, उजवीकडे सरकत गेली आणि रस्त्याकडेच्या चरात मऊ बर्फात जाऊन बसली. ओरखडासुद्धा नाही. अशा काचेवर विंटर टायरचंही फारसं चालत नाही, हेही मग कळलं. साठऐवजी चाळीसवर असायला हवं होतं.

मदत येईपर्यंत वीसेक मिनिटं चारही इंडिकेटर लावून आत बसून होतो. हीटर चालू. छाती धडधडायची थांबली तेव्हा पहिला विचार काय आला सांगू? देवाचे आभार वगैरे नाही. विचार आला, की मी आत्ता जिथे अडकलोय ती जागा घरापासून चौतीस किलोमीटरवर आहे. मंगळवार, पहाट, अंगात कामाचे कपडे, मागच्या सीटवर डबा. गाडीला काही झालं असतं, समोरून कोणी आला असता, तर दाव्याच्या कागदावर पहिली ओळ काय पडली असती? ठिकाण, वार, वेळ, कुठे चालला होतात. आठ किलोमीटरवर काम असलेला माणूस इथे काय करतोय? मला खोटं बोलायची संधीसुद्धा मिळाली नसती. जागाच बोलली असती.

त्या रात्री जाऊन पॉलिसीचे कागद काढले. इथल्या विमा कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा सांगायची ती गोष्ट लपवली, तर कंपनीला तुमचा दावा नाकारता येतो. समोरच्या माणसाला मात्र वाऱ्यावर सोडत नाहीत. कायद्यानं ठरलेल्या किमान दोन लाख डॉलरच्या मर्यादेत त्याचं नुकसान भरून देतात आणि मग ते पैसे तुमच्याकडे मागतात. आणखी एक गोष्ट कळली ती तुम्हाला पटायची नाही. अपघातात चूक कोणाची, हे कंपन्यांनी कसं ठरवायचं त्याचे नियम सरकारनं छापून दिलेत आणि त्यांत हवामान नि रस्त्याची अवस्था धरतच नाहीत. "साहेब, बर्फ होता हो" हे ऐकूनच घेत नाहीत. मागून ठोकलंत तर चूक तुमची, मग खाली काच असो की लोणी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परत फोन. या वेळी पलीकडे तरुण मुलगा होता. मी म्हणालो, कामाचं अंतर चुकीचं नोंदलेलं आहे. तो म्हणाला, "काही हरकत नाही, कधीपासून?" इथे पुन्हा एक फाटा होता, बाबा. "या महिन्यापासून" म्हटलं असतं तरी खपलं असतं. मे म्हणालो. आणि हेही सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी मला विचारलं होतं तेव्हा मी हो म्हणालो होतो, ते बरोबर नव्हतं. तो क्षणभर थांबला, टाइप केल्याचा आवाज आला, आणि म्हणाला, "नोंद करून घेतो." मी मोठं काहीतरी ऐकायच्या तयारीनं उभा होतो. त्यानं मेपासूनचा फरक काढला, पुढचा हप्ता काढला आणि ईमेल पाठवली. वर्षाला २१२ डॉलर वाढले.

सूनबाईंचा शेरा: "६९ मागायला गेलास आणि २१२ देऊन आलास." हे ती आता येईल त्या पाहुण्याला सांगते. सांगू दे. पण रात्री तिनंच विचारलं, की ती शनिवारी त्या बेकरीची पार्सलं पोहोचवायला आपली गाडी घेऊन जाणार होती, ते यात बसतं का. नाही बसत. पैसे घेऊन माल पोहोचवणं हा वेगळा वापर, त्याला वेगळी परवानगी लागते. ते काम तूर्तास बाजूला ठेवलंय.

मला राहून राहून तुमची आगारातली ती वही आठवत होती. ड्यूटी संपली की गाडीतले दोष लिहायचात. "ब्रेक ओढतो", "डावा आरसा सैल". वर्कशॉपवाले कुरकुरायचे, बाकीचे ड्रायव्हर 'निरंक' लिहून घरी जायचे, आणि आई जेवण गरम करून करून वैतागायची. मला तेव्हा वाटायचं, बाबांना एक दिवस तरी 'निरंक' लिहायला काय होतं.

असो. आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घे. मी घेतले, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. हे होतंच का, की त्यानं घाई केली होती? आणि तुम्ही टॉमीनं, त्या लोखंडी दांड्यानं, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायचात, ते गाडीच्या टायरला जमतं का? कारण या नव्या रिमना सेन्सर नाहीत, डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा सगळा हिवाळा पेटलेलाच राहणार, आणि थंडीनं हवा आपोआप बसते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड. मी दर रविवारी गेज लावतो, पण बोटं गोठतात.

जुने टायर खडूनं खुणा करून ठेवलेत, कुठला कुठे होता ते. एप्रिलमध्ये ते मी स्वतः चढवणार आहे. तेव्हा व्हिडिओ कॉल लावतो. जॅक कुठे टेकवायचा ते तिकडून सांगा आणि ओरडायचं ते तेव्हाच ओरडून घ्या.

पत्र आईलाही वाचून दाखवा. चराचं पान गाळू नका, नाहीतर ती मला फोनवर विचारील आणि मला परत "हो" म्हणावं लागेल. फक्त तिचं जेवण झाल्यावर दाखवा.

आईला नमस्कार, ताईच्या पोरांना पापा.

तुमचा
धाकटा