रविवारच्या बैठकीची आठवण

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी दारू सोडण्यासाठीच्या आपल्या गटाची बैठक आहे. मध्येच कुणी पुन्हा प्यायलं असेल, तर त्यानेही यावं. त्यानेच आधी यावं, असं मी म्हणेन. इथे कुणी जाब विचारत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्याघरी एकदम दारू तोडू नये. हात थरथरतात, भास होतात, आकडी येते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा, सोबत आपल्यातलं कुणीतरी येईल. तसंच बरं वाटतंय किंवा पैसे नाहीत म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करू नका.

पैशांची अडचण असेल तर हे माहीत असू द्या: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मोफत उपचारांचा हक्क आहे. हातात कार्ड नसलं तरीही! खिडकीवरून परत पाठवलं तर निराश होऊन घरी बसू नका. आम्हाला कळवा, दोघंजण बरोबर येऊ.

रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

बैठकीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. फोटो काढू नयेत.

बसभाड्याची सोय नसेल त्यांनी शनिवारपर्यंत मला सांगावं, संकोच नको.